बार्शी लाइटच्या वाटेनं

शनिवार : सोलापूर – कुर्डुवाडी – बार्शी

पुण्याकडच्या सकाळच्या गाडीनं सोलापूर सोडलं की मोहोळ, माढा करत कुर्डुवाडी येतं. आम्हा सोलापूरकरांना कुर्डुवाडी म्हणजे पंढरपूरला जाण्यासाठी उतरायचं स्टेशन, बाकी काही नाही. पण जुन्या नकाशांत इथं कुर्डुवाडी हे नाव नाही, ‘बार्शी रोड’ आहे. मुंबईहून निघालेली जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली तेव्हा बार्शी तिच्या वाटेत आली नाही, पस्तीसेक किलोमीटर आडबाजूला राहिली. बार्शी ही कापसाची मोठी पेठ. माल होता, व्यापारी होते, आणि तो मुंबईला पोचवायचा तर आधी बैलगाड्यांवर लादून या स्टेशनापर्यंत आणायचा. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीची चाकं आसापर्यंत रुततात हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही.

ही अडचण ओळखून बार्शीपर्यंत छोटी रेल्वे टाकायचं डोक्यात घेतलं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं. १८८२ साली तो जीआयपीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. सरकारदरबारी बरीच वर्षं घासाघीस करून १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी टाउन गाडी सुरू झाली. पुढं हीच लाइन एका अंगानं लातूरला, दुसऱ्या अंगानं पंढरपूर आणि मिरजेला जाऊन भिडली. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटर. आता ती नाही. म्हणजे रेल्वे आहे, पण ती लाइन नाही. जी आहे ती जवळपास त्याच वाटेनं जाणारी ब्रॉडगेज, वर विजेच्या तारा, खाली काँक्रीटचे स्लीपर. जुनी कुठं दिसते का, हे बघत लातूर ते मिरज जायचं ठरवलं होतं.

कुर्डुवाडीला आमचे दाजी स्टेशनावर घ्यायला आले होते. चुलतबहिणीचे यजमान. इथल्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढलं, आता निवृत्त. मला ते कायम ‘पाव्हणं’ म्हणतात, आणि नॅरोगेजबद्दल बोलायचं म्हटलं की चहा गार होतो तरी त्यांचं संपत नाही. कारखाना बाहेरूनच बघितला. नॅरोगेज गेली तरी तो बंद पडला नाही. माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे दुरुस्तीला इथं येतात, हे दाजींनी असं सांगितलं की जणू माथेरानवर उपकारच चाललेत.

स्टेशनाबाहेरच्या टपरीवर त्यांनी मला पहिला धडा दिला. “पाव्हणं, लोकं म्हणतात गाडी छोटी होती. छोटी कशी? रूळ जवळजवळ होतं. गाडी छोटी नव्हती.” यात जवळजवळ सगळा कॅलथ्रॉप आला.

नॅरोगेज म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर, ७६२ मिलिमीटर. शेजारची ब्रॉडगेज साडेपाच फुटांची. अरुंद रूळ लागले की वळणं आखूड घेता येतात, भराव आणि मोऱ्या लहान लागतात, जमीन कमी जाते, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. कॅलथ्रॉपचं डोकं चाललं ते वजनावर. रूळ किती जाड घ्यायचा हे ठरतं एका ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या आसावर, जास्तीत जास्त किती भार येतो त्यावरून. सहसा इंजिन सगळ्यात जड, म्हणून रूळ इंजिनाच्या मापानं घ्यावा लागतो, आणि मागून येणारे हलके डबे त्या महागड्या रुळावरून नुसतेच पळतात. त्यानं नियम घातला : इंजिन असो की वाघीण, म्हणजे मालाचा डबा, एका ॲक्सलवर पाच टनांच्या वर भार येता कामा नये, आणि वाघीण भरली की ती त्या पाच टनांच्या शक्य तितकी जवळ आली पाहिजे. म्हणजे रुळावर घातलेला प्रत्येक पैसा इंजिनासाठीही वसूल आणि मालासाठीही.

त्यासाठी इंजिनाचं वजन जास्त चाकांवर पसरावं लागलं. लीड्सच्या किट्सन कंपनीनं पहिली इंजिनं बनवली, त्यांना जोडलेली आठ चाकं आणि मागं आधाराची चार. वाघिणी पंचवीस फूट लांब, दोन टोकांना दोन-दोन ॲक्सलच्या वळत्या चाकगाड्यांवर (बोगींवर) बसवलेल्या, दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या सांगाड्यावर. इकडं पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं मुद्दाम रूळ टाकून त्यानं हे सगळं चालवून दाखवलं. अडीच फुटांच्या रुळावर एवढ्या लांबीची वाघीण बघून तिथल्या इंजिनिअरांच्या भुवया चढल्या असणार. स्वस्त रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची बारकी नक्कल, असा तेव्हा सर्रास समज होता. या माणसानं नक्कल केली नाही, हिशेब पहिल्यापासून मांडला. मला तो आवडतो तो त्यासाठी.

दुपारी दाजींच्या गाडीतून बार्शीला निघालो. रस्त्याकडेला ज्वारी पोटरीत आलेली, काही शेतांत कणसं भरलेली. दाजी मध्येच गाडी हळू करून बोट दाखवायचे, “हे बघा, हा भराव जुना.” मला आधी सगळे बांध सारखेच वाटत होते. मग डोळा बसला. शेताचा बांध वाकडातिकडा जातो आणि त्यावर बाभळी असतात. रेल्वेचा भराव बाभळींखालीसुद्धा आपली रेघ सोडत नाही, आणि ओढा आला की तिथं घडीव दगडाची मोरी असते.

बार्शीत भगवंताचं दर्शन घेतलं. विष्णूचं या नावाचं देऊळ दुसरीकडं कुठं मी पाहिलेलं नाही. पेठेत आता कापसाचं फारसं काही उरलेलं नाही, तूर, उडीद, सोयाबीन, ज्वारी यांचीच आवक. अडत्यांच्या जुन्या दगडी वखारी मात्र अजून उभ्या आहेत. तिथल्या एका वयस्क अडत्यांनी आठवण सांगितली ती मालाची नाही, हमालांची. बार्शीहून भरलेली वाघीण कुर्डुवाडीपर्यंतच जायची. तिथं ती रिकामी करून पोतं न् पोतं मोठ्या वाघिणीत चढवायचं. रुळांची मापं वेगळी, त्यामुळं दुसरा इलाजच नव्हता. चढवायची हमाली, उतरवायची हमाली, त्यात वेळ, त्यात फाटलेली पोती. रस्ते बरे झाले आणि ट्रक वखारीच्या दारात येऊन उभा राहायला लागला, तेव्हा या हमालीनंच बार्शी लाइटचा माल खाल्ला. कॅलथ्रॉपच्या हिशेबात सगळं बसलं होतं, फक्त कुर्डुवाडीचा फलाट तेवढा बसला नव्हता.

रविवार : बार्शी – येडशी – लातूर

पहाटे गारठा चांगलाच होता. पांगरी मागं पडली आणि बालाघाटाचे डोंगर पुढं आले. आमच्या सोलापुरात डोंगर नाही, म्हणून ही रांग बघितली की मला उगाच लांब कुठंतरी आल्यासारखं वाटतं. छोटी गाडी याच चढानं येडशीच्या पठारावर यायची. अरुंद रुळांचा खरा उपयोग इथं कळतो, डोंगराच्या कुशीनं वळसे घेत चढायचं, उगाच कापाकापी करायची नाही.

येडशीजवळ रामलिंगला थांबलो. दरीत उतरून जावं लागतं, खाली महादेवाचं देऊळ, भोवती झाडी, माकडं. जटायूनं रावणाला इथं अडवलं अशी कथा सांगतात, समाधीही दाखवतात. श्रावणात इथं मोठी गर्दी असते. आम्ही गेलो तेव्हा पुजारी, दोन कॉलेजची पोरं आणि माझ्या हातातल्या केळ्यांवर डोळा ठेवून बसलेली एक माकडीण, एवढेच होतो. छोट्या गाडीबद्दल जो विनोद सगळ्या गावांत ऐकायला मिळतो, पुढच्या डब्यातून उतरायचं, हवं ते करायचं आणि मागच्या डब्यात चढायचं, तो पुजाऱ्यांनीही सांगितला. मी तो प्रत्येक छोट्या गाडीबद्दल ऐकलाय. दाजींना तो मुळीच खपत नाही. “चढावर इंजिन किती ओढतंय ते बघायचं सोडून लोकं हसत बसायची,” म्हणाले.

इथून पुढं दोन वाटा फुटतात, आणि या प्रवासातला सगळ्यात गुंत्याचा भाग हाच. जुनी लाइन १९०७ च्या सुमारास तडवळ्यापर्यंत गेली आणि १९११ साली ढोकी, मुरूडवरून लातूरला पोचली. हा सगळा मुलूख तेव्हा निजामाचा. बार्शी इंग्रजी हद्दीत, आणि भोवती हैदराबाद संस्थान. लंडनच्या कंपनीची गाडी इंग्रजी हद्दीतून निघून संस्थानात शिरायची. १९४७-४८ मध्ये रझाकारांविरुद्ध लढणाऱ्यांचे तळ बार्शीच्या बाजूला होते ते या हद्दीमुळंच.

पण जुनी लाइन धाराशिवला जात नव्हती. जिल्ह्याचं गाव बाजूला, आणि रेल्वे तडवळ्याहून. ब्रॉडगेज करायची वेळ आली तेव्हा धाराशिवकरांनी नेट लावला आणि मार्ग येडशीपासून वळवून त्यांच्या गावावरून नेला. धाराशिव ते लातूर २००७ साली, कुर्डुवाडी ते धाराशिव २००८ साली ब्रॉडगेज सुरू झाली. जिल्ह्याच्या गावाला रेल्वे मिळाली हे योग्यच झालं. फक्त त्यामुळं येडशीपुढचा जुन्या वाटेचा एक तुकडा असा सुटून पडला की तो ना रेल्वेचा राहिला ना कुणाचा.

आम्ही आधी त्या तुकड्याकडं गेलो. तडवळ्याला, म्हणजे कसबे तडवळ्याला, १९४१ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब आंबेडकर महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. संस्थानातल्या एका खेड्यात एवढी मोठी परिषद भरली, यात गावाला रेल्वे असण्याचा हात किती, असं मी दाजींना विचारलं. “माणसं यायला गाडी लागतीच की,” एवढंच ते म्हणाले. पारावर बसलेल्या एकानं आम्ही जुनी लाइन बघत फिरतोय हे ऐकून विचारलं, “मोजायलाव का? परत टाकायलेत का काय?” नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला.

पुढं तेर. इथं थांबायला हवंच होतं. तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांच्या टिपणांत नाव असलेली पेठ, जिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. गोरा कुंभारांचंही हेच गाव. वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या आणि हस्तिदंती वस्तू बघताना मनात आलं की बालाघाटावरचं कापड आणि कापूस समुद्राकडं कसा न्यायचा हा प्रश्न कॅलथ्रॉपला पहिल्यांदा पडलेला नव्हता.

लातूरला संध्याकाळ झाली. नवं स्टेशन गावाबाहेर आहे, जुनं गावात होतं. रिक्षावाल्याला जुनं स्टेशन म्हटलं की तो बरोबर नेतो, पण नेतो तिथं स्टेशन नसतं, बाजारपेठेची गर्दी असते. हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिलाय, तो जाता-येता लांबून दिसतो. लातूरबद्दल मला इतकंच लिहिता येईल, कारण रात्रीचा बराच वेळ जेवायला जागा शोधण्यात गेला.

सोमवार : लातूर – कुर्डुवाडी – पंढरपूर

दिवसाचा पहिला भाग परतीच्या रस्त्यात. कुर्डुवाडीला गाडी दाजींच्या दारात लावली, ताईनं शेंगा चटणी आणि भाकरी बांधून दिली, आणि आम्ही पंढरपूरची पॅसेंजर धरली.

कुर्डुवाडी ते पंढरपूर हा बावन्न किलोमीटरचा फाटा १९०६ साली सुरू झाला. बार्शीची लाइन कापसासाठी, ही विठोबासाठी. कंपनीच्या दृष्टीनं मात्र दोन्ही मालच. आषाढी-कार्तिकीला प्रवाशांचे डबे पुरणं शक्य नव्हतं, मग मालाच्या वाघिणी धुऊन त्यात वारकरी बसवायचे. दाजींच्या लहानपणी टपावरसुद्धा माणसं असायची, टाळ वाजत असायचे. वारी पायी करायची असते हे खरं, पण पाय थकलेली म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, आणि पेरणी उरकून ऐन दशमीला निघालेला शेतकरी यांना पांडुरंगापर्यंत पोचवलं ते या गाडीनं. पालख्यांबद्दल ढीगभर लिहून झालंय. रेल्वेनं आलेल्या वारकऱ्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, बहुधा तो पुण्याईत थोडा कमी पडतो असं वाटून.

मोडनिंबला बोरं विकायला आली. आष्टी गेलं. तिथला तलाव १८७६ च्या मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षांत बांधून झाला, आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी गोष्टी दुष्काळानं बांधून घेतल्यात. हा फाटा ब्रॉडगेज झाला २००१ च्या सुमारास, सगळ्यात आधी. गाडीत समोर बसलेल्या काकू मोहोळच्या. त्यांना आता पंढरपूरला जायला गाडी सोयीची पडते का, विचारलं. “एसटी दारातनं जाती, गाडीला कुर्डुवाडीला जाऊन बसायचं कशाला? आज लेकाकडं आलते म्हणून,” म्हणाल्या. त्यांचंही बरोबर आहे. १९५४ च्या १ जानेवारीला सरकारनं ही लाइन कंपनीकडून घेतली आणि मध्य रेल्वेत आणली, पण तोवर एसटी गावोगाव पोचायला लागली होती.

पुलावरून भीमा ओलांडली तेव्हा पात्रात पाणी कमी आणि वाळूच जास्त होती. दर्शनाची रांग सोमवार असूनही बरीच लांब. मुखदर्शन घेतलं, बुक्का लावला, चुरमुरे घेतले.

मंगळवार : पंढरपूर – सांगोला – मिरज

मिरजेची पॅसेंजर जवळपास रिकामी. सांगोल्याच्या बाजूला डाळिंबाच्या बागा, मग जत रोड, ढालगाव, मग कवठेमहांकाळपासून द्राक्षं. मधला बराचसा पट्टा उघडा माळ. हा शेवटचा लांब तुकडा १९२७ साली पुरा झाला आणि बार्शी लाइट मिरजेला टेकली. कॅलथ्रॉप त्याच वर्षी वारला.

गाडीत वेळ होता, म्हणून दाजींना त्याची उरलेली गोष्ट सांगितली. इंग्लंडमध्ये त्यानं बार्शीच्याच धर्तीवर, याच मापाची, लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे बांधली. १९०४ साली सुरू झाली, १९३४ साली बंद पडली. बार्शीची बहीण म्हणावी अशी, पण अल्पायुषी. घोड्यांचा त्याला भारी नाद, अरबी घोडे पाळायचा. आणि त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला, १९१० साली विमान कोसळून मेला तेव्हापासून तो पॅराशूटच्या मागं लागला. त्याचं ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला वापरलं गेलं. विमानातल्या सैनिकांना मात्र त्यांच्या वरिष्ठांनी ते देऊ दिलं नाही.

दाजींनी पॅराशूटपेक्षा जास्त लक्ष दिलं ते मॅनिफोल्डच्या पुढच्या गोष्टीकडं. ती लाइन उखडल्यावर तिथल्या भरावावर चालायची वाट केली, आज लोक तिच्यावरून पायी आणि सायकलनं फिरतात. “मग येडशीला का नाही?” दाजी म्हणाले. मलाही तेच वाटतं. रामलिंगच्या डोंगरात भराव आहे, मोऱ्या आहेत, सावली आहे. जमीन सरकारचीच. अतिक्रमण होऊन बसण्याआधी तिथं एक पायवाट आखली तर फार मोठा खर्च येणार नाही. स्मारक बिमारक नको. चौकात एक इंजिन रंगवून उभं करायचं आणि विसरून जायचं, हे आपण पुष्कळ ठिकाणी केलंय.

मिरजेला उतरलो. एकेकाळी या स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते, तिन्हींचे वेगवेगळे फलाट, वेगवेगळे हमाल. पंढरपूर-मिरज पट्टा सगळ्यात शेवटी बदलला, २०१०-११ पर्यंत. गावात जाऊन सतारमेकरांची गल्ली बघितली, मिरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या समाधीपाशी गेलो. खाँसाहेबही गेले ते एका रेल्वे स्टेशनावरच, १९३७ साली, मद्रासकडच्या प्रवासात. दाजींना गाण्यात गोडी नाही, पण हे त्यांनी टोपी काढून ऐकलं.

परत स्टेशनावर येऊन गाडीची वाट बघत बसलो तेव्हा विषय निघाला पाणीगाडीचा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरलं नव्हतं. एप्रिलमध्ये इथून, मिरजेतून, कृष्णेचं पाणी भरून रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढं पन्नास टाक्यांची गाडी, पंचवीस लाख लिटर. पावसाळा लागल्यावरही काही काळ ती चालली. वाट कुठली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. धाराशिवचा वळसा सोडला तर बार्शी लाइट या टोकापासून त्या टोकापर्यंत. कॅलथ्रॉपला लातूर आणि मिरज जोडून काय मिळणार होतं ते त्याला माहीत, पण ही दोन गावं एका रुळावर आली ती त्याच्या कंपनीमुळं.

दाजींनी तिकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं हिशेब मांडला. जुनी वाघीण, चार ॲक्सल, पाच टनांप्रमाणे वीस टन. तिचं स्वतःचं वजन काढलं तर पाण्याला राहिले धरून चाला पंधरा. पंचवीस लाख लिटर म्हणजे अडीच हजार टन. “दीडशेच्या वर वाघिणी लागल्या असत्या,” ते म्हणाले. “आन् येडशीचा चढ. किती इंजिनं लावणार?”

मी म्हटलं, म्हणजे ब्रॉडगेज झाली ते बरं झालं.

“बरं झालं की. मी कुठं वाईट म्हणलो?” त्यांनी तिकीट खिशात घातलं. “फक्त मधल्या गावचं माणूस आता गाडीत दिसत नाही, एवढंच म्हणतोय.”

कुर्डुवाडीची गाडी तासभर उशिरानं लागली. सोलापूरला पोचायला मध्यरात्र झाली.